कोर्टाच्या लिलावातील खरेदी : नेकनियत खरेदीदाराला कायदा कुठवर वाचवतो?

काही वर्षांपूर्वी एका रात्री आम्ही दुकान वाढवीत होतो. एवढ्यात आम्हाला ग्रे कापड देणारे एक मागवाले भाई घाईघाईने आत आले. चेहरा उतरलेला. बसायला सांगितले तरी बसेनात. म्हणाले, "सेठ, जागा पण गेली आणि पैसे पण गेले का?"

प्रकरण असे होते. या भाईंनी कोर्टाच्या लिलावात यंत्रमागाचा एक लहानसा कारखाना घेतला होता. घरातले दागिने मोडले, भिशी उचलली, थोडे पैसे मेहुण्याकडून आणले. लिलाव कायम झाला, कबजा मिळाला, माग बसले. वर्ष गेले आणि जुना मालक कागद घेऊन दारात उभा राहिला. ज्या हुकूमनाम्यावरून जागा विकली गेली तो एकतर्फी होता. आपल्याला समन्सच मिळाले नव्हते, असा अर्ज त्याने लिलावानंतर केला आणि कोर्टाने तो मंजूर केला. त्याचे म्हणणे सरळ होते : "मूळ हुकूमनामाच रद्द झाला, मग तुझी खरेदी कसली? जागा खाली कर."

त्या रात्री आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन वकील साहेबांकडे गेलो. तिथे जे समजले आणि पुढे आम्ही जे वाचून, विचारून घेतले, ते या लेखात व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत. आम्ही कायद्याचे पंडित नाही, कापडाचे व्यापारी आहोत. पण कारखाना, गाळा किंवा घर स्वस्तात मिळते म्हणून लिलावाकडे वळणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना आपले संरक्षण कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ठाऊक असले पाहिजे.

लिलाव होतो कसा?

सावकाराने किंवा व्यापाऱ्याने पैशाचा दावा जिंकला की त्याला हुकूमनामा मिळतो. ऋणकोने पैसे दिले नाहीत तर हुकूमनामाधारक दरखास्त दाखल करतो. मग जप्ती, त्यानंतर जाहीरनामा आणि शेवटी लिलाव. हा सारा कारभार १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २१ प्रमाणे चालतो. जाहीरनाम्यात मिळकतीचे वर्णन, तिच्यावरील बोजा आणि वसूल करावयाची रक्कम द्यावी लागते. जाहीरनामा कोर्टात लावल्यापासून किमान १५ दिवस गेल्याशिवाय स्थावर मिळकतीचा लिलाव करता येत नाही. ऋणकोने लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी.

ज्याची बोली सर्वात वरची, त्याने २५ टक्के रक्कम तिथल्या तिथे भरावयाची असते. बाकीची रक्कम लिलावापासून पंधराव्या दिवशी कोर्ट बंद होण्याच्या आत भरली पाहिजे. समजा बोली ८ लाखांची झाली. तर २ लाख त्याच वेळी आणि ६ लाख पंधरा दिवसांत. स्टँपचा आणि इतर खर्च वेगळा धरावा.

या मुदतीबाबत आमची स्वतःची चूक सांगतो. एका गोडाऊनच्या लिलावात बोली आमच्या नावे सुटली. २५ टक्के भरले. बाकी रकमेसाठी आम्ही परगावच्या एका पार्टीच्या येण्यावर भिस्त ठेवली. आज येतात, उद्या येतात करता करता पंधरावा दिवस गेला. आम्ही दोन दिवस उशिरा रोकड घेऊन गेलो तर घेतली नाही. फेरलिलाव झाला आणि आमच्या अनामतीतला मोठा हिस्सा गेला. तक्रार कोणाविरुद्ध करणार? सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच मणिलाल मोहनलाल शाह विरुद्ध सरदार सय्यद अहमद या प्रकरणात सांगून ठेवले आहे की हे दोन्ही नियम सक्तीचे आहेत. रक्कम वेळेवर भरली नाही तर कायद्याच्या नजरेत विक्री झालीच नाही. उधारीवर धंदा चालतो, लिलाव चालत नाही.

हुकूमनामा रद्द झाला तरी खरेदी टिकते

आता भाईंच्या प्रश्नाकडे येऊ. कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की हुकूमनामा उलटला तर ज्याचे गेले त्याला ते परत मिळावे. संहितेच्या कलम १४४ मध्ये तशी तरतूद आहे. पण हा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही. लिलावात जागा घेणारा कोण होता, हे आधी पाहिले जाते.

हा भेद फार जुना आहे. १८८७ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे नवाब जैनुल आबदीन खान विरुद्ध मुहम्मद असगर अली खान हे प्रकरण गेले होते. तिथे काही मिळकती खुद्द हुकूमनामाधारकांनी घेतल्या होत्या, काही परक्या माणसांनी. पुढे हुकूमनामा बदलला. कौन्सिलने दोघांत फरक केला. हुकूमनामाधारक स्वतः खरेदीदार असेल तर त्याने मिळकत परत करावी. पण दाव्याशी संबंध नसलेला माणूस, ज्याने चालू हुकूमनाम्यावर विश्वास ठेवून नेकनियतीने पैसे मोजले, त्याची खरेदी मोडू नये. त्याच सुमारास, १८८६ मध्ये, रेवा महतोच्या प्रकरणात असेही ठरले होते की अधिकार असलेल्या कोर्टाने विक्रीचा हुकूम दिला असेल, तर तो हुकूम बरोबर की चूक याची छाननी खरेदीदाराने करायची नसते.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने हाच रस्ता धरला. जनकराज विरुद्ध गुरदयालसिंग हा त्याचा सर्वात ठळक निकाल. ५१९ रुपयांचा एकतर्फी हुकूमनामा होता. त्यापायी घर लिलावात निघाले आणि एका परक्याने ते ५,१०० रुपयांना घेतले. लिलाव कायम होण्यापूर्वीच एकतर्फी हुकूमनामा रद्द झाला. तरीही न्यायालयाने म्हटले की खरेदीदार परका आहे, विक्री रद्द करण्याचा कोणताही अर्ज मंजूर झालेला नाही, तेव्हा लिलाव कायम झालाच पाहिजे.

वाचकांना वाटेल की हा घरमालकावर जुलूम आहे. आम्हालाही प्रथम तसेच वाटले. पण यामागचे कारण व्यापाऱ्याला चटकन पटण्यासारखे आहे. आज लिलावात घेतलेली जागा दहा वर्षांनी कोणत्याही निकालाने जाऊ शकते, असे ठरले तर बोली लावायला येणार कोण? आलाच तर निम्म्याने भाव पाडून मागेल. त्यात नुकसान खरेदीदाराचे नाही, ऋणकोचेच. त्याची लाखाची जागा पन्नास हजारांत जाईल आणि कर्जही फिटणार नाही. म्हणून कायदा खरेदीदाराची जागा राखतो आणि हुकूमनामा उलटलेल्या ऋणकोला त्याचा पैसा हुकूमनामाधारकाकडून मागण्याचा मार्ग मोकळा ठेवतो.

हे संरक्षण कोणाला नाही?

इथे बरेच लोक फसतात. पुढील माणसांनी या संरक्षणावर विसंबू नये.

पहिला, हुकूमनामाधारक स्वतः. त्याला बोली लावायची तर कोर्टाची परवानगी लागतेच. आणि हुकूमनामा उलटला की मिळकत परत द्यावी लागते.

दुसरा, हुकूमनामाधारकाकडून पुढे विकत घेणारा. समजा सावकाराने लिलावात जागा घेतली आणि ती तुम्हाला खरेदीखताने विकली. तुम्ही पूर्ण किंमत दिली असेल, तुमचे मन साफ असेल, तरी तुम्ही लिलावातले परके खरेदीदार होत नाही. पदनाथिल रुक्मिणी अम्मा विरुद्ध पी. के. अब्दुल्ला या १९९६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. मूळ हुकूमनामा गेला की अशा माणसाचा हक्कही जातो.

तिसरा, ज्याला अपील चालू असल्याची खबर होती तो. १९९० च्या चिन्नम्मल प्रकरणात न्यायालयाने म्हटले की हुकूमनाम्याविरुद्ध अपील प्रलंबित आहे हे जाणून जो बोली लावतो, तो नेकनियत म्हणवून घेऊ शकत नाही. हुकूमनामाधारकाला आपले नाव उसने देणाराही त्यातच आला.

यावर काही चलाख लोक म्हणतील, मग विचारूच नये, म्हणजे खबरच नाही! हा भ्रम आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, जी चौकशी करायला हवी होती ती जाणूनबुजून टाळली तर ती गोष्ट ठाऊक होती असेच धरता येते. डोळे मिटून घेणे याला नेकनियती म्हणत नाहीत. आणि अपील चालू आहे असे कळले तर सरळ घरी यावे, दुसरी जागा मिळेल.

चौथा, ज्या मिळकतीच्या मालकीचाच दावा कोर्टात चालू आहे ती घेणारा. १९६७ च्या समरेंद्रनाथ सिन्हा प्रकरणाप्रमाणे चालू दाव्याचा नियम कोर्ट लिलावालाही लागू आहे. त्या दाव्याचा निकाल लिलावातील खरेदीदारावरही बंधनकारक होतो.

साठ दिवस हातात वीट घेऊ नये

लिलाव झाला म्हणजे सगळे संपले असे नाही. तीन प्रकारचे अर्ज ६० दिवसांत येऊ शकतात.

नियम ८९ : ऋणको किंवा मिळकतीत हितसंबंध असलेला माणूस जाहीरनाम्यातील रक्कम हुकूमनामाधारकासाठी आणि खरेदीच्या किमतीच्या ५ टक्के रक्कम खरेदीदारासाठी भरून विक्री रद्द करून घेऊ शकतो. ८ लाखांच्या खरेदीवर तुम्हाला तुमचे ८ लाख आणि वर ४० हजार मिळतील. ऋणकोला घर वाचवण्याची ही शेवटची संधी आहे. त्याने ती घेतली तर खरेदीदाराने रागावू नये.

नियम ९० : जाहीरनाम्यात किंवा लिलावात मोठी अनियमितता किंवा फसवणूक झाली म्हणून विक्री रद्द करण्याचा अर्ज. नुसती अनियमितता पुरत नाही, त्यामुळे खरोखर मोठे नुकसान झाले हेही दाखवावे लागते. भाव कमी आला एवढ्यावरून विक्री रद्द होत नाही. मात्र थोड्या कर्जासाठी सारी मिळकत विकली असेल तर सावध राहावे. जरूर तेवढाच भाग विकणे हे कोर्टाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली अंबाटी नरसय्या प्रकरणात सांगून तशी विक्री रद्द केली होती.

नियम ९१ : हा अर्ज खरेदीदाराचा. ऋणकोला त्या मिळकतीत विकण्याजोगा हक्कच नव्हता असे आढळल्यास खरेदीदार स्वतः विक्री रद्द करून पैसे परत मागू शकतो. मुदत तीच, ६० दिवस. म्हणून कागद तपासायचे ते या मुदतीत नव्हे, बोलीच्या आधी.

अर्ज आले नाहीत किंवा फेटाळले गेले की कोर्ट विक्री कायम करते आणि विक्री प्रमाणपत्र देते. मालकी मात्र लिलावाच्या दिवसापासूनची धरली जाते. तोवर रंगरंगोटी, भिंती, मशीनची बसवाबसवी काहीही करू नये.

कोर्ट मालकीची हमी देत नाही

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी. हुकूमनामा पुढे चुकीचा ठरला तर कायदा तुम्हाला वाचवतो. पण मिळकत ऋणकोची नव्हतीच, तर नेकनियती कामास येत नाही. कोर्ट फक्त ऋणकोचा जो काही हक्क असेल तो विकते. त्याच्याकडे आठ आणे असतील तर तुम्हाला आठ आणेच मिळतील, मग तुम्ही रुपयाचे पैसे का मोजले असेनात.

आपल्या समाजात ही अडचण हमखास येते, कारण वारसाचे हिस्से कागदावर चढवण्याचा आळस. एक हिशेब पाहा. वडील वारले. मागे आई, एक मुलगा, दोन मुली. घराचे ३२ भाग करा. आईचा आठवा हिस्सा म्हणजे ४ भाग. उरलेल्या २८ पैकी मुलाला १४, प्रत्येक मुलीला ७. पण घरपट्टी मुलाच्या नावावर येते, शेजारीपाजारी घर त्याचेच समजतात. पुढे मुलाने धंद्यात स्वतः केलेल्या कर्जापायी हुकूमनामा होतो आणि घर लिलावात निघते. खरेदीदाराने पूर्ण घराची किंमत मोजली तरी त्याच्या हाती ३२ पैकी १४ भागच येतात, निम्म्याहून कमी! पुढे वाटपाचे दावे. नियम ९१ खाली पैसेही परत मिळत नाहीत, कारण मुलाला थोडा का होईना हक्क होताच.

कर्ज खुद्द वडिलांचे असेल तर गोष्ट निराळी, कारण मयताचे कर्ज वारसाहक्काच्या आधी येते. पण तिथेही सर्व वारस दाव्यात सामील होते का, अज्ञानांसाठी योग्य पालक होता का, हे पाहावे. १९०४ साली सिंधमधील खैराजमल विरुद्ध दाईम या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की ज्यांचे रीतसर प्रतिनिधित्व झाले नाही त्यांचा हिस्सा विकण्याचा कोर्टाला अधिकार नाही. त्यांच्यापुरती ती विक्री शून्य.

१९७६ च्या दुरुस्तीने मात्र खरेदीदाराला एक आधार दिला आहे. लिलावानंतर तिसऱ्या माणसाने ऋणकोच्या मालकीविरुद्ध दावा केला तर त्यात हुकूमनामाधारक आणि ऋणको या दोघांनाही सामील करावे लागते. तो दावा मंजूर झाला तर खरेदीदाराचे पैसे परत करण्याचा हुकूम कोर्टाने हुकूमनामाधारकाला द्यावयाचा असतो. नियम ९२ च्या चौथ्या आणि पाचव्या पोटनियमात हे आहे. असा दावा आल्यास आपल्या वकिलांना याची आठवण जरूर द्यावी.

वक्फच्या जागेबद्दल दोन शब्द. १९९५ च्या वक्फ कायद्यात (२०२५ साली यात मोठे फेरबदल झाले) कलम ९० प्रमाणे, वक्फ मिळकत हुकूमनाम्याच्या वसुलीत विक्रीस निघाली तर वक्फ बोर्डाला नोटीस द्यावी लागते. नोटीस न देता झालेली विक्री बोर्डाच्या अर्जावरून रद्दबातल ठरू शकते. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांना लागून असलेल्या जागेची बोली लावण्यापूर्वी बोर्डाकडे नोंद तपासावी.

जुनी घरपट्टी आणि विजेचे बिल

जुन्या मालकाची थकबाकी कोणी भरायची, हा प्रश्न नेहमी येतो. घरपट्टीबाबत अहमदाबाद महानगरपालिका विरुद्ध हाजी अब्दुल गफूर हाजी हुसेनभाई हा १९७१ चा निकाल लक्षात ठेवावा. एका दिवाळखोराची मिळकत लिलावात घेतलेल्या व्यापाऱ्याकडून पालिका जुनी पट्टी वसूल करू पाहत होती. खरेदीदाराला थकबाकीची खबर नव्हती, म्हणून त्याच्या मिळकतीवर तो बोजा चालवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पण जाहीरनाम्यातच थकबाकी लिहिली असेल तर खबर नव्हती असे म्हणता येणार नाही.

विजेचे वेगळे आहे. मे २०२३ मध्ये के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नियमांत तशी तरतूद असेल तर नवीन जोडणी देण्यापूर्वी त्या जागेची जुनी थकबाकी भरण्याची अट वीज कंपनी घालू शकते. जागा 'आहे त्या स्थितीत' घेणाऱ्याने हे आधी तपासायचे असते. यंत्रमागवाल्यांनी ध्यानात ठेवावे, विजेशिवाय कारखाना म्हणजे नुसत्या चार भिंती.

कबजा

विक्री कायम झाल्यापासून एक वर्षाच्या आत कबजासाठी कोर्टात अर्ज केला पाहिजे. ऋणको स्वतः राहत असेल तर त्याला काढून कबजा मिळतो. हक्काचा भाडेकरू असेल तर केवळ कागदी कबजा मिळतो, भाडेकरू तुमचा होतो. कोणी आडवे आले तर अडथळ्याच्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करावा. चार माणसे नेऊन कुलूप तोडण्याच्या फंदात पडू नये. दिवाणी मामल्याचा फौजदारी मामला व्हायला वेळ लागत नाही.

बोलीपूर्वी करावयाची कामे

१. वकिलामार्फत दरखास्तीचे पूर्ण कागद पाहावेत. हुकूमनामा एकतर्फी आहे का, अपील किंवा स्टे आहे का, ते विचारावे.

२. सब-रजिस्ट्रारकडे ३० वर्षांचा शोध घ्यावा. चालू दाव्याची नोटीस नोंदवली आहे का, तेही पाहावे.

३. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, आणि मूळ मालक मयत असेल तर वारसांची पूर्ण यादी. बहिणींची नावे मुद्दाम विचारावीत.

४. घरपट्टी आणि वीज थकबाकीचा दाखला.

५. जागेवर जाऊन आत कोण राहते ते डोळ्यांनी पाहावे.

६. पूर्ण रक्कम हाती असल्याशिवाय बोली लावू नये.

७. बोली आपल्याच नावाने लावावी. दुसऱ्याच्या नावाने घेण्याची हुशारी बेनामी कायद्यात अडकवते.

हे नियम कोर्टाच्या लिलावाचे आहेत. बँका २००२ च्या कायद्याखाली जे लिलाव करतात, त्यांच्या मुदती आणि अटी निराळ्या. त्यांची यात सरमिसळ करू नये.

त्या भाईंचे पुढे काय झाले, ते सांगून आटोपते घेतो. ते दाव्यात परके होते, एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज लिलावानंतर आला होता, आणि पैसे त्यांनी मुदतीत भरले होते. कारखाना त्यांच्याकडेच राहिला, आजही तिथे माग चालतात. जुन्या मालकाला सावकाराकडे पैशाची मागणी करावी लागली. तोही आमच्या ओळखीचा, मेहनती माणूस. गेलेला कारखाना पैशाने भरून निघत नाही, हे आम्ही त्याच्या डोळ्यांत पाहिले आहे.

म्हणून देणेकरी बांधवांनाही एक विनंती. कोर्टाचा कागद आला तर तो कपाटात टाकू नका. लगेच वकील गाठा, हजर व्हा, अपील करायचे तर स्टे मिळवा. लिलावात हातोडा पडला आणि नेकनियत खरेदीदाराने पैसे भरले, की पुढे निकाल तुमच्या बाजूने लागला तरी तुमचे घर तुम्हाला परत मिळेलच असे नाही.